ठिगळ्याचं संध्याकाळचं खाणं

९ जानेवारी, दुपार

सूनबाई,

तू फोन उचलत नाहीस, म्हणून हे पत्र तुझ्या दातांच्या लॅबच्या पत्त्यावर टाकतेय. राहायचा पत्ता तू कोणाला दिला नाहीस. मीही विचारत नाही.

मी धाकट्या बहिणीकडे चार दिवस काय गेले, परत येऊन बघते तर तू नाहीस आणि तुझं ते कुत्र्याचं पिल्लू माझ्या शिलाई मशीनखाली, पायडलच्या मागे अंग कोंबून बसलेलं. चिरंजीव म्हणाले, "कामासाठी बाहेरगावी गेलीय, येईल." कामासाठी जाणारी बाई कपाटातले लॅबचे सगळे कोट आणि भिंतीवरचा आपल्या आईचा फोटो घेऊन जात नाही, एवढं मला कळतं. पण घरात आल्या आल्या कुठे तोंड उघडायचं?

तू गेलीस ते गेलीस, पण हे जनावर काय खातं ते नीट सांगून जायचं होतंस. सकाळचं कोरडं खाणं मला जमतं. पाकिटातून काढायचं, कोमट पाण्यात भिजवायचं, समोर ठेवायचं. अडचण संध्याकाळची आहे. फ्रीझरमध्ये तू बांधून ठेवलेल्या कच्च्या मांसाच्या पुड्या आज संपल्या. आतापर्यंत मी त्या चिमट्याने उचलून, तोंड दुसरीकडे करून टाकत होते. या घरात कधी अंडं फुटलं नाही, हे तुला माहीत आहे. तुझ्यासाठी फ्रीझरचा खालचा खण दिला तेव्हा मी किती आदळआपट केली होती, तेही तुला माहीत आहे. आता तोच खण उघडून मी आत डोकावतेय.

आपलं दोघींचं कधी जमलं नाही. माझ्या भाजीत मीठ नाही असं तू म्हणायचीस, आणि तुझ्या बोलण्यात नाही असं मी. ते राहू दे. मला एवढंच कळव, संध्याकाळी काय द्यायचं, किती, आणि कुठून आणायचं.

चिरंजीव म्हणतात, "दे काहीही, कुत्रा आहे तो." पण पिल्लू दारासमोर बसून असतं. लिफ्टचा आवाज आला की उठतं, मग परत बसतं. त्याच्या या उठबशीने मलाही एका जागी बसवत नाही. हे पत्र लिहिताना तीनदा उठले.

उत्तर दे.

सासू


१५ जानेवारी

सूनबाई,

तुझं उत्तर नाही. असो.

मी स्वतः खाटकाकडे गेले. बाजाराच्या मागच्या गल्लीत, माझ्या बंद दुकानाच्या अगदी समोर त्याचं दुकान. इतकी वर्षं मी त्याच्या समोर बसून शाळांचे गणवेश शिवले, पण रस्ता ओलांडून कधी गेले नव्हते. मला बघून त्याने हातातला सुरा खाली ठेवला. "काकू, वाट चुकलात?" म्हणाला. मी म्हटलं, "कुत्र्यासाठी हवंय." "कुत्रा केवढा?" आता काय सांगू? मी हात कमरेपर्यंत नेला आणि म्हटलं, "पिल्लू आहे अजून." तो हसत सुटला.

त्याने कोंबडीच्या माना दिल्या. घरी आणल्या, पिशवी उघडली आणि माझ्या अंगावर काटा आला. कच्चं द्यायला हात होईना. म्हटलं, उकळून देऊ, निदान जंतू तरी मरतील. खिडक्या उघड्या टाकून, नाकाला पदर लावून उकळलं. पिल्लाने हावरटासारखं गिळलं आणि लगेच मान ताणून खोकायला लागलं. डोळे पांढरे. मी काय केलं ते मलाच नीट आठवत नाही. त्याचा जबडा फाकवला, कोपरापर्यंत हात आत घातला असेल, आणि सुईसारखा हाडाचा तुकडा ओढून काढला. मग दोघंही स्वयंपाकघराच्या फरशीवर बसून राहिलो. त्याची लाळ माझ्या साडीभर.

दुसऱ्या दिवशी खाटकाला सांगितलं तर तो माझ्यावरच उखडला. "काकू, हाड शिजवायचं नसतं. शिजलं की ठिसूळ होतं, फुटलं की टोचतं. कच्चं मऊ असतं. आणि भीती वाटत असेल तर मान देऊच नका, मी हाडासकट बारीक दळून देतो." तेव्हा आता दळलेलं आणते. वेगळी सुरी, वेगळा पाट, वेगळं फडकं. हात इतक्यांदा धुते की बोटांची सालं निघाली.

तू ठेवलेलं ते इंग्रजी नाव माझ्या जिभेवर बसत नाही. पांढऱ्या अंगावर एवढी काळी ठिगळं लावलेल्या प्राण्याला एक शिंपीण दुसरं काय म्हणणार? मी त्याला ठिगळ्या म्हणते. हाक मारली की येतो. तुझी परवानगी मागत नाही, कळवतेय.


२३ जानेवारी

सूनबाई,

तुझी चिठ्ठी मिळाली. पाठच करून टाकलीय, एवढी छोटी आहे. "आई, तुम्ही खरंच कच्च्या मांसाला हात लावता?" हा पहिला प्रश्न! हो, लावते. आणि ज्या दातांनी या वयात ओठ चावून धरते, ते तू बनवलेलेच आहेत. तेव्हा हसू नकोस.

बाकी तू लिहिलंस ते समजलं. मोठ्या जातीचं पिल्लू आहे, त्याला भराभर वाढवायचं नाही. बरगड्या हाताला लागल्या पाहिजेत. मुख्य खाणं ते कोरडंच, कच्चं फक्त वरून, थोडं. हे मला लगेच पटलं. वाढत्या पोरांचे गणवेश शिवलेत मी. अंग झपाट्याने सुटलं की शिवण सगळ्यात आधी कुठे उसवते ते मला ठाऊक आहे. आता दर सोमवारी माझी टेप त्याच्या छातीभोवती फिरते. टेपचं टोक त्याने खाल्लंय. त्यामुळे माप तेवढं सोडून मोजते.

एक गोष्ट विचारायची आहे. फिरवून विचारायला मला येत नाही.

ठिगळ्या स्टीलच्या भांड्यात खात नाही. मी भांडं फरशीवर ठेवलं, टण् आवाज झाला, की तो मशीनखाली. आधी वाटलं, मांस आवडलं नसेल. मग तेच मांस ताटलीत, आवाज न करता ठेवलं, तर साफ. काल भांडं घासताना हाताला पोचा लागला, चांगला अंगठाभर खोल. आणि स्वयंपाकघरात, तू जिथे उभी राहून मांसाच्या पुड्या बांधायचीस, तिथली भिंतीवरची फरशी फुटलीय. मी गेले तेव्हा ती धड होती.

चिरंजीवांना विचारलं. टीव्हीवरून नजर न काढता म्हणाले, "हातातून निसटलं." भांडं हातातून निसटलं तर खाली पडतं. खांद्याच्या उंचीवर भिंतीला लागत नाही.

मला खरं काय ते सांग. सांगायचं नसेल तर नको सांगूस, पण मग माझं डोकं जे जे जोडत बसतं त्याला मी जबाबदार नाही. दोन दिवस झाले, एक बाही उलटी जोडतेय आणि उसवतेय.


४ फेब्रुवारी, सकाळी तो कामावर गेल्यावर

पोरी,

तुझं वाक्य वाचलं. "भांडं मला लागलं नाही, कानाजवळून गेलं."

लागलं नाही म्हणजे मारलं नाही असं होत नाही. याच्यापुढे मला आत्ता काही लिहिता येत नाही. तो माझ्या पोटचा आहे. हे वाक्यही लिहून मी खोडणार होते, मग ठेवलं.

ठिगळ्याचं सांगते, कारण ते तुला कळायलाच हवं. मागच्या आठवड्यात तो उजव्या पुढच्या पायाने लंगडायला लागला. आधी वाटलं, सोफ्यावरून उडी मारली असेल. मग दोन्ही पाय मनगटापाशी बाहेर वाकलेले दिसले, जशी एखादी खुर्ची जड माणसाखाली फाकते तशी. उठताना कण्हतो. सोमवारचं माप घेतलं तर टेप आधीच्या खुणेच्या कितीतरी पुढे. मी तर तुझ्या सांगण्याप्रमाणे मोजून देत होते!

खालच्या मजल्यावरच्या रिक्षावाल्याला बोलावलं आणि प्राण्यांच्या डॉक्टरणीकडे नेलं. तरुण आहे, बोलायला तुटक. तिने पाय दाबून बघितले, एक्स-रेचा फोटो काढला, आणि पहिलं विचारलं, "खायला काय देता?" मी सगळं सांगितलं. कच्च्या मांसाचं ऐकून तिने तोंड वाकडं केलं. म्हणाली, "मी स्वतः सुचवणार नाही, पण थोडं आणि स्वच्छ देत असाल तर त्याने हे होत नाही. कॅल्शियम कोण घालतं?"

"कोणी नाही," मी म्हटलं.

"घालतंय कोणीतरी. आणि खाणंही दुप्पट जातंय. या पिल्लांना जास्तीचं कॅल्शियम शरीराबाहेर टाकता येत नाही. हाडं वेडीवाकडी होतात."

मला आठवलं. सकाळी ताटलीच्या तळाशी पांढरं काहीतरी चिकटलेलं असायचं. मी पीठ समजून घासून टाकायचे. संध्याकाळी मुलगा कामावरून आल्यावर विचारलं, तर तोच म्हणाला, अगदी बढाई मारत, "मी देतो पावडर. आणि वरून अजून एक वाटी. माझ्या मित्राचा कुत्रा बघ, वाघासारखा आहे! तुम्ही बायका त्याला उपाशी मारता."

मी त्याला डॉक्टरीण काय म्हणाली ते सांगितलं. त्याने मोबाइल उचलला आणि बाल्कनीत गेला. मी डबा शोधून, धुण्याच्या मोरीत ओतून, वर बादलीभर पाणी सोडलं. परत आला तेव्हा रिकामा डबा हातात घेऊन मी त्याच्यासमोर उभीच होते. त्याने माझ्याकडे बघितलं. माझ्याकडे तसं त्याने कधी बघितलं नव्हतं. तुझ्याकडे बघितलं असेल.

डॉक्टरीण म्हणते, वेळ गेलेली नाही. पावडर बंद, खाणं कमी, जिने नाहीत, घसरडी फरशी नाही, उड्या नाहीत. आपल्या घरात फरशी आरशासारखी, आणि लिफ्ट बंद पडली की तीन मजले. मी माझ्या सगळ्या जुन्या चादरी अंथरल्यात. चालायला वाटच उरली नाही, मी स्वतः दोनदा अडखळले.

मशीनवर बसते, उठते, त्याच्या पायांकडे बघते, परत बसते. सरळ वाटतात का? आज थोडे सरळ वाटले.


६ फेब्रुवारी

घाईत लिहितेय.

त्याने ठिगळ्याला त्याच्या साहेबांना द्यायचं ठरवलंय. गोदामावर राखणीला. "तिथे मोकळी जागा आहे," म्हणतो. मी चौकशी केली. मोकळी जागा म्हणजे सिमेंटचं अंगण आणि साखळी. रविवारी गाडी येणार.

"लंगडा कुत्रा कशाला घेतील ते?" मी विचारलं. "त्यांना नाही सांगितलेलं," म्हणाला.

तू लिहिलंस की तुझी घरमालकीण खोलीत मांजरसुद्धा ठेवू देत नाही. त्यामुळे तुझ्याकडे आणायचा विचार मी केलेला नाही, घाबरू नकोस. पण मला काहीतरी करायला हवं, आणि ते रविवारच्या आत. दिवसभर घरात येरझाऱ्या घालतेय आणि ठिगळ्या लंगडत माझ्या मागे येतोय. त्याला चालायला मनाई आहे म्हणून मी थांबते. मग मला थांबवत नाही म्हणून पुन्हा चालते.


१२ फेब्रुवारी

पोरी,

पाकिटावरचा पत्ता बघितलास ना? मी माझ्या दुकानात आहे.

शनिवारी सकाळी तो कामावर गेला आणि मी टेम्पोवाल्याला फोन केला. तोच, जो माझे गणवेशांचे गठ्ठे शाळांना पोचवायचा. "बाई, अजून शिवताय?" म्हणाला. "शिवायला लागणार आहे," मी म्हटलं. आम्ही दोघांनी मशीन उतरवलं, मग ठिगळ्याला चादरीच्या झोळीत घालून तीन मजले खाली आणलं. त्याचे चारही पाय बाहेर लोंबत होते आणि तो अगदी राजासारखा इकडेतिकडे बघत होता. टेम्पोवाल्याची कंबर धरली. लिफ्ट अर्थातच बंद होती.

दुकान कसं होतं म्हणून सांगू! चिरंजीवांनी "आई, आता पुरे झालं, आरामात बस" म्हटलं तेव्हा कुलूप लावलं होतं, त्यानंतर शनिवारीच उघडलं. कोळ्यांची जाळी, उंदरांनी कुरतडलेलं अस्तराचं कापड. पण मागची खोली कोरडी आहे. नळाला पाणी आहे. आणि मागे मातीचं अंगण आहे, मऊ, पाय न घसरणारं. खाटकाने आपल्या जुन्या फ्रीजमध्ये जागा करून दिली. माझं मांस त्याच्याकडे राहतं. बघ, काय वाक्य लिहिलं मी!

रविवारी तो आला. साहेबांची गाडी रिकामी परत गेली असणार. दारातच उभा राहिला.

"आई, हे काय नाटक आहे?"

"नाटक नाही. दुकान उघडलंय."

"मी साहेबांना शब्द दिला होता."

"तू दिला होतास. ठिगळ्याने नव्हता दिला."

"एका जनावरासाठी घर सोडलंस?"

माझ्या हातात कात्री होती. ती मी खाली ठेवली. मी विचारलं, "भांडं कोणाच्या अंगावर फेकलंस? कुत्र्याच्या, की तिच्या?"

तो गिऱ्हाइकांच्या स्टुलावर बसला, लहानपणी बसायचा तसा, गुडघे एकमेकांना लावून. "राग आला होता."

"कशाचा?"

"ती म्हणाली, पावडर घालू नको. मित्रासमोर म्हणाली."

"एवढंच?"

"एवढंच."

तेवढ्यात ठिगळ्या अंगणातून आत आला. त्याला बघितलं आणि पाय घासत मागे सरला, कापडाच्या ठाणांमागे गेला. तिथे तो मावत नाही. अर्धा बाहेर होता आणि ते अर्धं थरथरत होतं. तुझ्या नवऱ्याने ते बघितलं. त्याचा चेहरा असा झाला की मला वाटलं, आता रडतो की काय. मी आई आहे, माझा हात उचललाही गेला. पण मी तो परत मांडीवर ठेवला.

उठताना म्हणाला, "तू घरी कधी येणार?"

"येणार नाही."

"मग माझ्या जेवणाचं काय?"

अगं, मला हसू आलं! एवढा धिप्पाड माणूस, आणि विचारतो काय. मी हसत सुटले, आणि तो गेल्यावर त्याच तोंडाने रडले. खाटीक समोरून बघत होता. त्याने चहा पाठवला.


२ मार्च

पोरी,

डॉक्टरीण काल म्हणाली, "पाय सरळ होताहेत." तिच्याकडून हे एवढंच ऐकायला मिळतं, पण मी तेवढ्यावर गल्लीभर सांगत सुटले. पूर्ण होतील का ते तिने सांगितलं नाही. उजवा थोडा राहील कदाचित. राहू दे. मोजून खातो, सावकाश वाढतो, मातीत झोपतो. संध्याकाळचं खाणं तयार करायला लागले की माझ्या पाठीला टेकून उभा राहतो, आणि आता तो टेकला की मला भिंतीचा आधार घ्यावा लागतो.

मांसाचा वास मला अजून आवडत नाही. आवडायला लागला असं लिहिलं तर तू विश्वास ठेवणार नाहीस.

दोन शाळांचं काम परत आलं. बाकी पडदे, उशांचे अभ्रे, जे येईल ते. कामाला बसले की आताही मधूनच उठते, पण आता उठण्याला कारण असतं. कोणी कापड घेऊन येतं, कोणी फक्त एवढा मोठा कुत्रा बघायला.

माझा मुलगा येतो. दर आठवड्याला, दुकानासमोर उभा राहतो. आत ये म्हटलं तर येत नाही. काल म्हणाला, "मला त्याच्याशी बोलायचंय, पण तो येत नाही." मी म्हटलं, "नाही येणार. तू बस. रोज बस. यायचं की नाही ते तो ठरवेल." काही वेळ बसला. ठिगळ्या गेला नाही. उद्या पुन्हा येतो म्हणाला. येईल की नाही, मला माहीत नाही. माझ्या पोराबद्दल 'माहीत नाही' असं लिहायला किती जड जातं, ते तुला कधीतरी सांगेन.

पण हे मी तुझं मन वळवायला लिहीत नाही, नीट ऐक. तो माझा मुलगा आहे, ते माझं मी बघेन. तू परत जायचंस की नाही, हे तुझं तू ठरव, आणि नाही ठरवलंस तरी चालेल. मी त्याची आई म्हणून तुझ्याकडे काहीही मागणार नाही. आणि त्याने माझ्याकरवी निरोप दिला, तर तो माझ्याकडेच राहील.

मी वेगळंच विचारतेय. रविवारी लॅबला सुटी असते ना? तू आलीस तर ठिगळ्या तुला ओळखेल की नाही, ही मला धास्ती आहे. ओळखलं नाही तर तुला वाईट वाटेल, ओळखलं तर मला. जे व्हायचं ते होऊ दे. मागच्या खोलीत दोन खाटा मावतात, हे मी मापून बघितलंय. रात्री राहायचं असेल तर राहा, नाहीतर संध्याकाळच्या गाडीने जा.

त्याच्यासाठी काही आणू नकोस, त्याचं सगळं मोजलेलं आहे. तू मात्र उपाशी ये.

तुझी वाट बघणारी,
आई